सेंद्रिय संत्रा बागेत पाने पिवळी पडत आहेत : निदान कुठून सुरू करावे?

काटोल_रोड (धागाकर्ता), १४ सप्टेंबर

नमस्कार मंडळी,

काटोल तालुक्यात आमची साडेतीन एकरांची संत्रा बाग असून झाडे आठव्या वर्षात आहेत. लागवड सहा बाय सहा मीटरवर, खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळाकडचे झाड) जंबेरीचा, बहार आंबिया, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा. बागेची नोंदणी राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली केलेली आहे. बहुवर्षायू पिकाला तीन वर्षांचा रूपांतरण काळ पूर्ण करावा लागतो आणि आमचे हे तिसरे वर्ष असल्यामुळे युरिया, मिश्रखते किंवा रासायनिक बुरशीनाशके यांचा विचारही करता येत नाही.

पोळ्याच्या सुमारास झालेल्या जोराच्या पावसानंतर बागेत पिवळेपणा दिसू लागला. आधी तो नाल्याकडच्या चार-दोन झाडांवर होता, आता वरच्या अंगाच्या झाडांवरही आहे, आणि काही झाडांची फळे गळू लागली आहेत. मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक झाडाला साधारण पन्नास किलो शेणखत आणि दोन किलो निंबोळी पेंड दिली जाते, पावसाळ्यात दर महिन्याला जीवामृत सोडले जाते, आणि आळ्यात सोयाबीनचे कुटार पसरलेले असते. पाणी विहिरीचे असून ठिबकने दिले जाते. यंदा पाऊस अजून थांबलेला नसल्याने ठिबक जवळजवळ बंदच आहे.

कृषी केंद्राच्या दुकानदाराने नुसता मोबाइलवरचा फोटो पाहून सूक्ष्म अन्नद्रव्यांचे तयार मिश्रण सुचवले. शेजारचे भाऊ म्हणतात की कोळशीमुळे (पानांवर चढणाऱ्या काळ्या काजळीमुळे) झाडे अशक्त झाली आहेत. एका परिचितांनी तर हा ग्रीनिंग रोग असल्याचे सांगून झाडे उपटून टाकण्याचा सल्ला दिला. मला आज औषध नको आहे. रोग कोणता हे ठरवण्याची रीत हवी आहे. मी नागपुरात राहतो आणि आठवड्याच्या शेवटी बागेत जातो, त्यामुळे पुढच्या फेरीत काय काय पाहून यावे हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. पानांचे फोटो सोबत जोडले आहेत.

काळी_माती, १४ सप्टेंबर

भाऊ, फोटोंतली सगळी पाने तोडून हातात धरलेली आहेत, त्यामुळे ती फांदीवर कुठे होती हे कळत नाही, आणि निदानाचे निम्मे उत्तर तिथेच असते. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये कमी पडली की झाड ती जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवते, म्हणून त्यांची टंचाई आधी खालच्या आणि आतल्या जुन्या पानांवर उमटते. लोह, मँगनीज आणि जस्त एकदा पानात गेले की तिथून फारसे हलत नाहीत, त्यामुळे त्यांची टंचाई नवतीवर, म्हणजे नव्या फुटीवर दिसते. तेव्हा पिवळे पान जुने की नवे, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न पिवळेपणाच्या नक्षीचा. नत्र कमी असेल तर जुने पान शिरांसकट एकसारखे फिकट होते आणि पुढे गळते. मॅग्नेशियमची टंचाई असेल तर पान कडांकडून पिवळे होत जाते, मात्र देठाजवळ हिरवा त्रिकोण शिल्लक राहतो. ही खूण बहुधा फळांनी लदलेल्या फांद्यांवर आणि नेमकी याच दिवसांत, म्हणजे भाद्रपद-आश्विनात दिसते, कारण फळे मॅग्नेशियम ओढून घेत असतात. जस्ताची टंचाई असेल तर नवी पाने लहान, अरुंद आणि उभी राहतात, दोन पानांतले अंतर कमी होऊन शेंड्यावर गुच्छ झाल्यासारखा दिसतो आणि शिरांच्या मधला भाग ठळक पिवळा होतो. लोहाच्या टंचाईत पानाचा आकार सहसा बिघडत नाही. पिवळ्या पानावर बारीकसारीक शिरांचीसुद्धा हिरवी जाळी स्पष्ट दिसते आणि टंचाई वाढली की पान हस्तिदंती पांढरे पडते. मँगनीजच्या बाबतीत शिरांच्या दोन्ही बाजूंना रुंद हिरवा पट्टा राहतो आणि पिवळेपणा फिकट असतो. प्रत्यक्ष बागेत यांतल्या दोन-तीन टंचाया एकाच पानावर येतात, विशेषतः जस्त आणि मँगनीज, त्यामुळे तक्त्यातल्या चित्राशी तंतोतंत जुळणारे पान शोधत बसू नये.

तिसरी गोष्ट बहुतेक लोक पाहतच नाहीत. मधली शीर आणि तिला फुटलेल्या आडव्या शिराच पिवळ्या आणि उरलेले पान तुलनेने हिरवे, असे दिसले तर तो खताचा विषय नाही. खोडाची साल कुठेतरी कापली, कुजली किंवा आवळली गेली आहे, किंवा मुळे निकामी झाली आहेत, असा त्याचा अर्थ घ्यावा.

वरुड_आंबिया, १४ सप्टेंबर

आमच्याकडे वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात हे दरवर्षी होते आणि दहापैकी आठ वेळा ते जस्तच असते. झिंक सल्फेटच्या दोन फवारण्या घेतल्या की नवती हिरवी होते. एवढा खल करण्याची गरज मला तरी वाटत नाही. हस्ताची नवती आता फुटेलच, तेव्हा वेळ दवडू नका.

माती_आणि_मुळे, १५ सप्टेंबर

वरुडच्या भाऊंचा अनुभव मी नाकारत नाही, पण त्यांच्या बागेत जस्त कमी असेल म्हणून काटोलच्या बागेतही तेच असेल असे गृहीत धरता येत नाही. धागाकर्त्याने लिहिलेल्या दोन बाबी मला महत्त्वाच्या वाटतात : पिवळेपणा नाल्याच्या अंगाने सुरू झाला, आणि तो जोराच्या पावसानंतर सुरू झाला.

आपली काळी माती बेसाल्टपासून झालेली, चिकणमातीचे प्रमाण भरपूर असलेली आणि ओली झाली की फुगणारी आहे. सलग पाऊस झाला की तिच्यातली हवेची जागा पाण्याने भरते. संत्र्याची अन्न घेणारी तंतुमुळे वरच्या फूट-दीड फुटात असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. जमिनीला वाफसा येईपर्यंत ती अर्धवट गुदमरलेलीच राहतात, आणि नेमक्या अशा ओल्या जमिनीत फायटोफ्थोरा या बुरशीचे चल बीजाणू पाण्यातून पोहत मुळांपर्यंत जातात. मग जमिनीत जस्त, लोह, नत्र सगळे असूनही झाड उपाशी राहते, कारण ते घेणारे तोंडच उरलेले नसते. अशा झाडाच्या पानांवर जस्ताची किंवा नत्राची लक्षणे हुबेहूब दिसू शकतात आणि फवारणीने ती काही आठवडे झाकलीही जातात. वऱ्हाडात आणि नागपूर भागात 'जस्त मारले, झाड हिरवे झाले, पुढच्या वर्षी वाळले' अशा कहाण्या ऐकू येतात, त्यांतल्या बऱ्याच कहाण्यांचे मूळ खरोखर मुळातच असते.

म्हणून पुढच्या फेरीत कुदळ घेऊन जावे. एक झाड नाल्याकडचे, एक वरच्या अंगाचे आणि एक पूर्ण हिरवे, अशी तीन झाडे निवडावीत. प्रत्येकाच्या घेराच्या आतल्या कडेला सहा ते नऊ इंच खोल उकरून तंतुमुळे हातात घ्यावीत आणि अंगठा व तर्जनीत धरून ओढून पाहावीत. खोडाजवळची माती सारून डोळा कुठे बांधलेला आहे, कलमयुती (कलम आणि खुंट जुळलेली जागा) मातीच्या वर आहे की खाली, तिथे डिंक आहे का, हे पाहावे. शेवटी नाल्याकडच्या भागात एक फूट खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा आणि दुसऱ्या दिवशी पाणी उरते का ते गड्याला पाहायला सांगावे. यासाठी एक रुपयाही लागत नाही.

काटोल_रोड (धागाकर्ता), १५ सप्टेंबर

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. मुळे शनिवारी उकरेन. तोवर बाग सांभाळणाऱ्या काकांना फांद्या न तोडता फोटो काढायला सांगितले, आणि ते पाहताना लक्षात आले की मी ज्याला सरसकट पिवळेपणा म्हणत होतो ते तीन निरनिराळे प्रकार आहेत.

नाल्याकडच्या तीन ओळींत जुनी आणि मधल्या वयाची पाने पिवळी असून बऱ्याच पानांच्या मधल्या शिरा स्पष्ट पिवळ्या आहेत. फळगळ याच झाडांवर अधिक आहे आणि शेंड्याच्या काही काड्या वाळून सल झालेली आहे. वरच्या अंगाला, जिथे मुरूम लवकर लागतो, तिथे जुनी पाने चांगली गर्द हिरवी आहेत, पण नवी पाने बारीक आणि चट्ट्यापट्ट्यांची असून काही शेंड्यांवर हिरवी जाळी असलेली पिवळी पाने आहेत. बागेच्या मधल्या भागात फक्त फळांच्या फांद्यांवरची जुनी पाने कडांनी पिवळी असून देठाकडे हिरवी आहेत. कोळशीची काळी काजळी काही झाडांवर आहे, पण ओल्या फडक्याने पुसली की खालचे पान हिरवेगार निघते.

ग्रीनिंगची धास्ती मात्र मनातून जात नाही. एका झाडाची एकच फांदी पिवळी आहे आणि बाकीचे झाड हिरवे आहे. यावर कोणी प्रकाश टाकू शकेल का?

काळी_माती, १६ सप्टेंबर

मधल्या भागाचे उत्तर तुमच्या वर्णनातच आलेले आहे. ते मॅग्नेशियम आहे आणि घाबरण्यासारखे नाही. कोळशीचाही प्रश्न तुम्ही फडक्याने निकालात काढला. पानाच्या मागच्या बाजूला कोळशी आणणाऱ्या काळ्या माशीची काळी काटेरी पिल्ले मोठ्या संख्येने असतील तर पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी, पण शिरा पिवळ्या पडण्याचा दोष त्या माशीवर टाकता येत नाही.

कलम_खुंट, १६ सप्टेंबर

ग्रीनिंगबद्दल लिहितो, कारण या नावाने चांगली झाडेही कापली गेलेली मी पाहिली आहेत. हा जिवाणूजन्य रोग आहे. जिवाणू झाडाच्या अन्नवाहिनीत राहतो आणि सिट्रस सायला नावाची अगदी लहान कीड तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. रोगट मातृवृक्षावरून डोळे घेतले तर कलमातूनही तो येतो. लागण झालेल्या झाडाला बरे करणारा उपाय उपलब्ध नाही, म्हणून उपटण्याचा सल्ला दिला जातो. पण तो निदान पक्के झाल्यानंतरचा सल्ला आहे.

अन्नद्रव्याच्या टंचाईतली नक्षी मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखी असते. ग्रीनिंगमध्ये पिवळे-हिरवे डाग वेडेवाकडे पसरतात, शिरा ओलांडून जातात आणि पानाचे दोन अर्धे एकमेकांशी जुळत नाहीत. पारखण्यासाठी साधे बॉलपेन पुरते. पान फांदीवर असतानाच एका अर्ध्यावर पिवळ्या डागाभोवती वर्तुळ काढावे आणि दुसऱ्या अर्ध्यावर बरोबर त्याच जागी तेवढेच वर्तुळ काढावे. दोन्ही वर्तुळांत रंग सारखा असेल तर टंचाईकडे वळावे. एकात पिवळा आणि दुसऱ्यात हिरवा असेल, आणि असे अनेक पानांवर आढळत असेल, तर संशय धरावा. त्या फांदीचे एक फळ देठापासून टोकापर्यंत उभे कापावे. मधला दांडा वाकडा, फळ एका बाजूला कललेले आणि बिया आक्रसलेल्या, काळपट असतील तर संशय बळावतो. रंग धरताना फळ देठाकडून रंगते आणि टोक हिरवेच राहते, हीही एक खूण आहे, पण ती दिसायला अजून अवकाश आहे.

कोवळ्या नवतीवर सायला आहे का तेही पाहावे. प्रौढ कीड शेपटीकडचा भाग उचलून पानाशी तिरकी बसते आणि तिची पिल्ले पांढरे मेणासारखे धागे सोडतात. एकदा पाहिली की पुन्हा ओळखायला चुकत नाही. एवढे करूनही संशय उरला तर नागपुरातच अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथे पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या) चाचणीची चौकशी करावी. एकच फांदी पिवळी असणे हे ग्रीनिंगचे लक्षण असू शकते, तसेच साल खाणाऱ्या अळीने त्या फांदीच्या बेचक्यात बोगदा केल्याचेही असू शकते, म्हणून आधी त्या फांदीच्या बुडाशी भुसा आणि विष्ठेची जाळी दिसते का ते शोधा.

गोमय, १६ सप्टेंबर

सर्वांचे म्हणणे वाचले. माझ्या मते जीवामृत महिन्यातून एकदा देऊन भागत नाही. पंधरा दिवसांनी द्या, फवारणीही त्याचीच घ्या, आणि जमिनीतले जिवाणू जागे होऊ द्या. झाडाला लागणारे सर्व काही जमिनीत असते; ते उपलब्ध करून देण्याचे काम जीवामृत करते. झिंक सल्फेटसारख्या गोष्टी सेंद्रिय बागेत आणूच नयेत.

माती_आणि_मुळे, १७ सप्टेंबर

गोमय यांच्याशी अर्धा सहमत आहे. जीवामृताने जमिनीतली जिवाणूंची हालचाल वाढते हे मान्य, पण ते झाडाचे जेवण नाही, आणि त्याचा पुरस्कार करणारे सुभाष पाळेकर हेही त्याला अन्न न मानता जिवाणूंचे विरजणच मानतात. हिशेब सोपा आहे. एकरी दोनशे लिटर जीवामृतात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र आणि दोन किलो बेसन जाते. त्या सगळ्यातला नत्र उदार हाताने धरला तरी पाव किलोच्या आसपास भरतो. सहा बाय सहा मीटरवर एकरी सुमारे ११० झाडे बसतात, म्हणजे एका झाडाच्या वाट्याला दोन-सव्वादोन ग्रॅम नत्र आला. उलट पन्नास किलो शेणखतात अर्धा टक्का धरून अडीचशे ग्रॅम आणि दोन किलो निंबोळी पेंडीत पाच टक्के धरून शंभर ग्रॅम नत्र असतो, आणि त्यातलाही काही भागच पहिल्या वर्षी सुटतो. फळांनी भरलेल्या आठ वर्षांच्या झाडाची गरज याहून बरीच अधिक असते. त्यामुळे पेंड वाढवणे मला पटते. जीवामृताच्या पाळ्या वाढवून नत्राची तूट भरून निघेल हे पटत नाही.

'जमिनीत सर्व काही असते' हे विधानही चुनखडीच्या जमिनीत अडखळते. जस्त आणि लोह तिथे असतात, पण सामू (पीएच) आठच्या वर गेला की ते अविद्राव्य रूपात अडकून पडतात. सेंद्रिय कर्ब वाढवत नेला तर त्यांची उपलब्धता हळूहळू सुधारते, मात्र ते काम काही वर्षांचे आहे.

कुटाराबद्दल एक सूचना. ते पृष्ठभागावर आच्छादन म्हणून उत्तम आहे, पण रोटाव्हेटरने मातीत मिसळू नये. कर्ब जास्त आणि नत्र कमी असलेला कच्चा काडीकचरा मातीत गाडला की कुजवणारे जिवाणू मातीतलाच नत्र वापरून टाकतात आणि झाड काही महिने फिकट राहते. पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या झाडांचा) भुगा गाडणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. आणि आच्छादन काहीही असो, खोडापासून फूटभर लांब असावे.

गच्ची_धरमपेठ, १७ सप्टेंबर

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण माझ्या गच्चीवरच्या कुंडीतल्या लिंबाचीही नवी पाने हिरव्या जाळीची आणि पिवळी झाली आहेत. हीच कारणे तिथे लागू होतात का?

काळी_माती, १७ सप्टेंबर

होतात. आधी कुंडीचे छिद्र मुळांनी बुजले आहे का ते पाहा, कारण कुंडीतले लोहाचे बहुतेक प्रश्न साचलेल्या पाण्याचे असतात. निचरा नीट असेल तर वरची दोन-तीन इंच माती काढून चाळलेले गांडूळखत भरा आणि वरचा थर सुकल्याशिवाय पाणी घालू नका. पिवळे झालेले पान बहुधा पुरते सुधारणार नाही. पुढची नवती कशी येते त्यावरून ठरवा.

काटोल_रोड (धागाकर्ता), २१ सप्टेंबर

सांगितल्याप्रमाणे सर्व पाहून आलो.

हिरव्या झाडाची तंतुमुळे पिवळसर पांढरी, टणक आणि भरपूर होती. ओढली तर तुटत होती, पण साल सुटत नव्हती. नाल्याकडच्या झाडाची मुळे तपकिरी होती आणि अंगठ्यात धरून ओढताच वरची साल मोज्यासारखी निघून आली व आत नुसता पांढरा धागा उरला. मातीला कुबट वास होता. कलमयुती चार बोटे मातीखाली गेलेली आढळली, कारण पावसाळ्यापूर्वी ट्रॅक्टरने दांड ओढताना या ओळींवर माती चढलेली आहे. माती सारल्यावर दोन झाडांच्या सालीवर ओलसर काळपट चट्टा आणि डिंकाचे मण्यांएवढे थेंब दिसले. एक फूट खड्ड्यातले पाणी दुसऱ्या दिवशी दुपारीही निम्म्याहून अधिक शिल्लक होते.

वरच्या अंगाची मुळे निरोगी आहेत. तिथे दीड फुटाखाली चुनखडीचे पांढरे खडे लागले आणि त्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकताच ती जोरात फसफसली. वरच्या थरातली मातीही थोडी फसफसली. ठिबकच्या ड्रिपरवर पांढरा थर आहे, म्हणजे विहिरीचे पाणीही जड असावे. एकट्या पिवळ्या फांदीच्या बेचक्यात साल खाणाऱ्या अळीची जाळी आणि भुसा सापडला. पेनाची वर्तुळे बऱ्याच पानांवर काढून पाहिली, सर्व ठिकाणी दोन्ही बाजू सारख्या होत्या. मातीचे नमुने नाल्याकडचे, मधले आणि वरचे असे वेगवेगळे काढून प्रयोगशाळेत दिले आहेत.

माती_आणि_मुळे, २१ सप्टेंबर

नाल्याकडच्या ओळींना मूळकुज आणि डिंक्याची (सालीतून डिंक गळण्याच्या रोगाची) सुरुवात, वरच्या ओळींना चुनखडीमुळे जस्त-लोहाची टंचाई, मधल्या झाडांना मॅग्नेशियम आणि एका फांदीला अळी. हे चार आजार आहेत आणि चौघांना एकच तयार मिश्रण फवारले असते तर फक्त वरच्या ओळींना थोडा उपयोग झाला असता.

नाल्याकडे आधी पाण्याची वाट करा. बाकी सर्व उपाय त्यानंतर. दर दोन ओळींनंतर उताराच्या दिशेने तीन फूट खोल चर काढून तो नाल्यात सोडावा. हे काम आता जमिनीत यंत्र जाईल तेव्हाच होईल, पण खोडाभोवतीची माती सारून कलमयुती उघडी करणे आणि साचलेले पाणी फावड्याने काढून देणे उद्याच करता येईल. यापुढे पाणी दुहेरी आळ्याने किंवा खोडापासून लांब ठेवलेल्या ड्रिपरने द्यावे, म्हणजे खोड कोरडे राहील. डिंकाचा चट्टा धारदार चाकूने निरोगी सालीपर्यंत खरवडून ते तुकडे बागेबाहेर जाळावेत आणि खोडाला जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावावे. प्रमाण एक किलो मोरचूद (तांब्याचे सल्फेट), एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावे आणि त्यात लोखंडी पाते बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना आणखी हवा आहे.

सेंद्रिय मानकांत तांब्याचा वापर मर्यादित स्वरूपात मान्य आहे, तसाच माती परीक्षणात टंचाई सिद्ध झाल्यास सूक्ष्म अन्नद्रव्यांचाही आहे, पण दोन्हींसाठी तुमच्या प्रमाणन संस्थेला आधी लेखी कळवून संमती घ्या आणि खरेदीची पावती जपा. तिसऱ्या वर्षी कागद कमी पडून रूपांतरण काळ पुन्हा मोजावा लागणे परवडणारे नाही. ट्रायकोडर्मा आणि स्युडोमोनास शेणखतात मिसळून घेराखाली द्यावेत, मात्र जिथे बोर्डो ओघळले असेल त्या जागी देऊ नयेत, कारण तांबे ट्रायकोडर्मालाही मारते. जंबेरीचा खुंट या रोगाला बळी पडणारा आहे. जी झाडे निम्म्याहून अधिक वाळली असतील ती काढून तिथे पुढे रंगपूर लाईमच्या खुंटावरची, उंच डोळा बांधलेली कलमे लावणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

वरुड_आंबिया, २२ सप्टेंबर

वरच्या ओळींसाठी माझे जस्त शेवटी कामी आले म्हणायचे. शंभर लिटर पाण्यात ५०० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५० ग्रॅम विरवलेला चुना, दोन्ही वेगळे विरघळवून, गाळून, मग एकत्र करा. चुना वगळला तर कोवळी पाने करपतात. हस्ताच्या नवतीची पाने दोन-तृतीयांश वाढलेली असताना फवारा. जून झालेल्या पानांवर मारून पैसे वाया जातात. लोहाच्या फवारणीने पान ठिपक्या-ठिपक्यांनी हिरवे होते, एकसारखे होत नाही, म्हणून आम्ही फेरस सल्फेट शेणखतात मुरवून आळ्यात देतो.

काटोल_रोड (धागाकर्ता), ९ ऑक्टोबर

माती परीक्षणाचे अहवाल आले. वरच्या अंगाचा सामू ८.२, मुक्त चुना १२ टक्के आणि जस्त ०.४ पीपीएम आहे, अहवालातच ०.६ च्या खालचे जस्त कमी मानले आहे. मधल्या भागात मॅग्नेशियम ठीक आहे, पण पालाश खूप जास्त आहे आणि त्यामुळे झाडांना मॅग्नेशियम नीट घेता येत नसावे; त्या ओळींना गेली काही वर्षे चुलीची राख दिली जात होती. नाल्याकडच्या मातीत कोणत्याच अन्नद्रव्याची टंचाई नाही, आणि तरी झाडे तिथलीच सर्वांत पिवळी आहेत. प्रमाणन संस्थेची संमती मिळाल्यावर जस्ताची फवारणी झाली. कलमयुत्या उघड्या केल्या, मलम लावले, राख बंद केली. चर पुढच्या आठवड्यात निघतील. आता प्रश्न असा की डिसेंबरात आंबियासाठी ताण द्यायचा (फुले यावीत म्हणून पाणी तोडायचे) की नाही?

काळी_माती, ९ ऑक्टोबर

वरच्या आणि मधल्या ओळींना नेहमीप्रमाणे द्या. ताणाच्या काळात जुनी पाने पिवळी होऊन त्यांतली काही गळणे अपेक्षितच असते, त्याला पुन्हा रोग समजू नका. नाल्याकडच्या तीन ओळींना मात्र यंदा ताण देऊ नये. तंतुमुळे नसलेल्या झाडाला ताण दिला की ते पाने टाकते, जीव वाचवण्यासाठी फुलांनी भरून जाते आणि उन्हाळ्यात काडीकाडीने वाळते. त्या झाडांवर आत्ता असलेली फळेही निम्म्याने विरळ करा, सल कापून कापाच्या जागी बोर्डो लावा, आणि हलके पाणी चालू ठेवा. ठिबकचा व्हॉल्व्ह त्या ओळींसाठी वेगळा आहे का ते आधी पाहा. नसेल तर डिसेंबरपूर्वी बसवून घ्यावा लागेल.

काटोल_रोड (धागाकर्ता), १० ऑक्टोबर

वेगळा नाही. चर काढणारे यंत्र येईल त्याच दिवशी पाइप तोडून व्हॉल्व्ह बसवून घेतो.